बिला काम्पहाउझन आणि तिचं पिंप

कुणी वय विचारलं की बिला काम्पहाउझन म्हणायची, "सरकारनं कोळसा बंद करायचं पहिल्यांदा ठरवलं तेव्हा मी तरणी होते. त्यानंतर किती वेळा ठरवलं ते तुम्हीच मोजा आणि बेरीज करा." विचारणारा सहसा पुन्हा विचारत नसे.

तिचं गाव एश्राथ, ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला. गावाखाली तपकिरी कोळसा निघाला, एवढाच गावाचा गुन्हा. कंपनीनं नकाशावर रेघ ओढली आणि पलीकडं बीटाच्या शेतांत लोकांना नवं एश्राथ बांधून दिलं. गल्ल्यांची नावं तीच ठेवली. लिंडन गल्लीत लिंडनचं झाड नाही, गिरणी गल्लीत गिरणी नाही, पण पाट्या कशा चकचकीत. दफनभूमीतली माणसंसुद्धा उचलून नेली. पुनर्वसनाबद्दल सगळ्यांत कमी कुरकुर त्यांनीच केली, असं बिला म्हणायची. गावाबाहेर दोन पवनचक्क्या होत्या, त्या खाणीच्या वाटेत येत होत्या म्हणून त्याही काढल्या. हवामान वाचवायला ज्या उभ्या केल्या होत्या, त्या कोळशासाठी आडव्या झाल्या. त्या दिवशी बिला कुंपणाला टेकून पाहत उभी होती आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

मग गाव हललं. लोकांनी नव्या घरांत पडदे लावले, नव्या शेजाऱ्यांशी जुनी भांडणं सुरू केली, आणि सगळं असं नीट लागल्यावर राजधानीत ठरलं, की कोळसा लवकर बंद करायचा आणि एश्राथ काही खणायचं नाही. गाव वाचलं. त्या वाचलेल्या गावात तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या चुली पेटत होत्या. वरच्या गल्लीत तर एकट्या बिलाची.

ती का गेली नाही, याचं मोठं तत्त्वज्ञान वर्तमानपत्रवाले तिच्या तोंडी घालत. खरं एवढंच, की कंपनीचा माणूस दारात आला तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलं होतं आणि तो आत न विचारता बुटांसकट शिरला. तिनं त्याला हाकललं. पुढं दर खेपेला नवा माणूस यायचा आणि दर खेपेला तिला आधीच्याचे बूट आठवायचे.

तिचं घर म्हणजे अर्धं घर. बापानं मरताना घराच्या मधोमध भिंत घातली होती. डावीकडचा भाग बिलाला, उजवीकडचा धाकट्या याकोबला. याकोबला सगळे कोबेस म्हणत. कोबेस खाणीवर होता. चर्चपेक्षा उंच असं ते खणणारं यंत्र तो चालवायचा, चौतीस वर्षं. पहाटेच्या पाळीला जायच्या आधी तो खोकायचा, भिंतीतून ऐकू यायचं, आणि बिला पलीकडून चुलीवर कॉफीचं पाणी ठेवायची. लग्न त्याचं झालं, तिचं राहिलं. पण कॉफी तिच्याकडंच व्हायची. मार्लीस, म्हणजे त्याची बायको, सकाळी आठच्या आत कुणाचं तोंड बघत नसे, त्यामुळे तिचीही हरकत नव्हती.

हे मोडलं ते नऊ वर्षांपूर्वी. खाणीच्या वाटेतलं जंगल वाचवायला शहरातली पोरं आली, झाडांवर घरं बांधून बसली. बिला त्यांना वाटाण्याचं सूप पाठवायची. हवामानाबिवामानाचं तिला काही नव्हतं. पोरं वाळली होती, आणि कंपनीच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या, दोन्ही कारणं तिला पुरेशी होती. एके दिवशी एक पोरगी कोबेसच्या यंत्रावर चढली आणि दिवसभर वर बसून राहिली. यंत्र बंद, खाण बंद, टीव्हीवाले हजर. कोबेसनं वर पाहिलं तर पोरीच्या हातात निळी किटली. त्याच्या आईची, दुधाची. टवका उडालेली जागा त्याला खालूनसुद्धा ओळखू आली.

त्या दिवसापासून कोबेस बहिणीशी बोलला नाही. दोनच महिन्यांत मार्लीसनं नव्या गावातल्या घराचा आराखडा पसंत केला आणि दोघं गेली. बाकीच्या जगानं हवामानासाठी मोठमोठ्या परिषदा भरवल्या. या घराण्यानं एका किटलीवर प्रश्न मिटवला.

आता वर्षातून एकदा मात्र बोलणं व्हायचं. त्याची सोय रीतीनंच करून ठेवली होती.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवसांचे उपास लागण्यापूर्वी तिकडं कार्निव्हल असतो. त्यात गावच्या कार्निव्हल मंडळाची मोठी बैठक होते. व्यासपीठावर विदूषकी टोप्या घालून अकरा पंच बसतात, आणि समोर एक लाकडी पिंप ठेवतात. त्या पिंपात उभं राहून जो बोलेल त्यानं यमकात बोलायचं आणि कुणालाही सोडायचं नाही. पाद्री, महापौर, सासू, कुणीही. पिंपातून बोललेल्याचा राग धरायचा नाही आणि पिंपातून बोललेलं खरं मानायचं नाही, हा नियम. गावं दोन झाली तरी मंडळ एकच राहिलं होतं, आणि पिंपातली बाई म्हणून बिलाला पर्याय नव्हता. डोक्याला फडकं, कमरेला ॲप्रन, हातात धूळ झटकायचा पिसारा, असं तिचं सोंग ठरलेलं. दर वर्षी ती सगळ्यांचं माप घेऊन शेवटी कोबेसवर यायची. त्याचा कोळसा, त्याचा खड्डा, त्याचं पेन्शन, यमकात. कोबेस तिसऱ्या टेबलाशी हाताची घडी घालून ऐकायचा आणि शेवटी रीतीप्रमाणं पेला उचलून "आलाफ" म्हणायचा, म्हणजे कार्निव्हलचा जयजयकार. बस. पुन्हा वर्षभर गप्प. मार्लीस कुणाला तरी म्हणाली होती, की त्या एका दिवशी तो टाय स्वतः इस्त्री करतो. हे बिलाच्या कानावर आलं होतं. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं होतं.

या वर्षी बिलाला त्याला टोमणा मारायचा नव्हता. विचारायचं होतं.

झालं असं, की गाव वाचल्यावर कंपनीच्या गळ्यात रिकामी घरं पडली. ठरलं की ज्याचं घर होतं त्याला आधी विचारायचं. ईस्टरपर्यंत जो हो म्हणेल त्याला ते परत मिळणार. जो म्हणणार नाही त्याचं पाडायचं, कारण नऊ हिवाळे बिनशेकोटीचे काढलेलं घर दुसरं कोण घेतंय. कोबेसनं अजून हो किंवा नाही काहीच कळवलं नव्हतं. बिलानं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिकडून "कोण?" असं ऐकू आलं आणि तिनं नाव सांगताच फोन खाली गेला. घर अर्धं पडेल याची तिला भीती नव्हती. भिंत तर आत्ताही उभीच होती की, आणि तिच्या पलीकडं कुणी खोकत नव्हतं. तिला भाऊ परत हवा होता, आणि ते म्हणायला तिच्याकडं जगात एकच जागा होती, ती म्हणजे पिंप.

आणि नेमकी तिथंच पाचर बसली.

मागच्या वर्षी बिलाचं भाषण संपल्यावर सभागृहात वाद पेटला होता. एका बाजूला निवृत्त भौतिकशास्त्राचे मास्तर विर्ट्स, अणूचे कैवारी. दुसऱ्या बाजूला आनेग्रेट, पवनचक्की सहकारी संस्थेची अध्यक्ष. त्यात कोबेस पडला. बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं कुणाच्या हातून सुटलं ते आजतागायत ठरलेलं नाही, पण ते कार्निव्हलपुरत्या निवडलेल्या राजपुत्राच्या पांढऱ्या विजारीवर पडलं. म्हणून या जानेवारीत मंडळाचे अध्यक्ष हाइनर पेश यांनी कार्यकारिणी बोलावली. वादातले सगळे तिच्यावर होतेच, आणि बिलाही. पेशचं हीटरचं दुकान. गॅसचे, लाकडाचे, विजेचे, सगळे हीटर तो विकायचा, त्यामुळे या वादात त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस पंचक्रोशीत नव्हता.

"यंदा पिंपातून ऊर्जेचा विषय नको," पेश म्हणाला. "गावात शांतता पाहिजे."

"मी शांतच असतो," विर्ट्स मास्तर म्हणाले. "मी फक्त आकडे सांगतो. अणुभट्ट्या चालू ठेवल्या असत्या तर आज कोळसाही नको होता आणि त्या पांढऱ्या काठ्याही नको होत्या."

"आणि कचरा कुठं ठेवायचा? तुमच्या तळघरात?" आनेग्रेट म्हणाली. "तिथं तर तुम्ही भट्टी फुटली तर घ्यायच्या आयोडीनच्या गोळ्यांचे खोके ठेवलेत म्हणे. भट्टीवर एवढा विश्वास आहे तर गोळ्या कशाला हो?"

"गोळ्या सीमेपलीकडच्या बेल्जियमच्या भट्टीसाठी आहेत. आपल्या भट्ट्या सुरक्षित होत्या."

"होत्या, म्हणूनच बंद केल्या."

"वारा पडला की तुम्ही काय करता, आनेग्रेट? फुंकर मारता?"

कोबेस आत्तापर्यंत बिअरकडं बघत होता. "दिवा लागतोय तोवर कोळसा सगळ्यांना घाण वाटतो," तो म्हणाला. "गेल्यावर बसा अंधारात आणि करा चर्चा."

"अध्यक्षसाहेब," बिला म्हणाली, "त्या सद्गृहस्थांना विचारा, त्यांच्या नव्या घरात कोळशाची शेगडी आहे का. मी असं ऐकलंय की छपरावर उन्हातून वीज काढायच्या काचेच्या पाट्या आहेत आणि परसात घर तापवायचा उष्णतेचा पंप आहे."

"अध्यक्ष," कोबेस म्हणाला, "त्या बाईंना सांगा, की पंप नुकसानभरपाईतून आलाय आणि उत्तम चालतो. आणि त्यांना विचारा, त्या स्वतः चुलीत काय जाळतात."

बिला कोळशाच्याच विटा जाळायची. जुन्या गावाला दुसरं काही मिळतच नव्हतं. "मी पुरावा नष्ट करतेय," ती म्हणाली.

हसण्याच्या गडबडीत आनेग्रेटनं सांगून टाकलं, की नव्या पवनचक्क्या जुन्या एश्राथच्या बाजूला उभ्या करायच्या असं संस्थेनं ठरवलंय. नव्या गावाकडून बघितलं तर त्या देखाव्याच्या आड येतात. कुणाच्या देखाव्याच्या, ते तिनं सांगितलं नाही, पण तिची गच्ची कुठल्या दिशेला आहे ते सगळ्यांना माहीत होतं. हवामान वाचलं पाहिजे यावर एकमत होतं. दुसऱ्याच्या खिडकीसमोर वाचलं पाहिजे यावर तर जास्तच.

पेशनं टेबलावर चापट मारली. "ठरलं. कोळसा नाही, अणू नाही, वारा नाही, सूर्य नाही."

"सूर्यसुद्धा नाही?" बिलानं विचारलं.

"विजेचा सूर्य. नुसता उगवला तर चालेल."

"आणि पाऊस?"

"धरणात पडत नसेल तर पड म्हणावं."

"मग मी बोलू कशावर, हाइनर?"

"बोल की. प्रेमावर बोल."

एवढं बोलून पेशनं ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि मंडळाची पितळी घंटा दाखवली. विषय निघाला की तो घंटा वाजवणार, आणि तीनदा वाजली की पिंप रिकामं करायचं.

बिला घरी आली ती डोकं धरूनच. भाषण तिनं नोव्हेंबरपासून रचत आणलं होतं. त्यात सुरुवातीला सगळ्यांना हाणायचं, मग कोबेसला नेहमीसारखा चिमटा काढायचा, लोक हसत असताना हळूच यमकात घालून म्हणायचं की परत ये. विनोदाच्या कागदात गुंडाळून द्यायचं, म्हणजे त्यानं घेतलं नाही तरी कुणाची शोभा नाही. आता कागदच काढून घेतला होता. उरलेलं उघडं बोलणं हातात धरून ती तीन आठवडे स्वयंपाकघरात फिरली, आणि त्याला जुळणारं एक यमक तिला सापडलं नाही. प्रेमावर बोल म्हणे. या हीटरवाल्याला उष्णतेच्या पंपावरच काय ते कुणी प्रेम करताना दिसलं असेल.

बैठकीच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. बॅंड कोपऱ्यात बसला होता. त्यांचं काम सोपं असतं. पिंपातला माणूस ओळ संपवून थांबला, की ड्रम आणि तुतारीनं एक दणका द्यायचा, म्हणजे लोकांना कळतं की विनोद झाला. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या माणसांना शब्द ऐकायची गरज राहत नाही, थांबणं ऐकलं की पुरे.

बिला पिंपात चढली. पिसारा झटकला.

"पावाचा आकार झाला असा काही बारीक,
दात लागायच्या आधी संपते त्याची तारीख."

दणका. बेकरीवाल्यानं वाकून नमस्कार केला.

"फादरांची नवी सायकल चढ चढते झरझर,
पाय त्यांचे हलत नाहीत, मग कुणाची ही..."

घंटा वाजली.

"अहो, मेहेरनजर म्हणणार होते मी," बिला म्हणाली. "देवाची."

"सायकलला बॅटरी आहे," पेशनं निकाल दिला.

लोक घंटेला जितके हसले तितके तिच्या ओळींना हसले नव्हते. ती पुढं सरकली. मास्तरांच्या नव्या चष्म्याची काच चमकते म्हणाली, पेशला त्यात किरणोत्सर्ग दिसला, दुसरी घंटा. तिनं महापौरांच्या केसांना वारा लागतो असं म्हणायचं टाळलं. लग्नं, सासवा, बुटांचे नंबर, सगळं करून झालं, आणि लोक सभ्यपणे हसत होते, म्हणजे अजिबात हसत नव्हते. या गावातून कोळसा, अणू आणि वारा काढून घेतल्यावर बोलायला बुटांचे नंबरच उरतात, हे तिला पिंपात उभं राहून कळलं.

मग तिनं तिसऱ्या टेबलाकडं पाहिलं. कोबेस हाताची घडी घालून बसला होता. टाय कडक होता. तो त्याच्या वाट्याची वाट पाहत होता. आता बहीण आपल्यावर येणार, आपल्याला वर्षभर पुरेल असं काहीतरी लागट बोलणार, म्हणून हनुवटी जरा वर करून बसला होता.  बिलानं पिसारा पिंपाच्या काठावर ठेवला.

"कोबेस," ती म्हणाली, "तुझं घर रिकामं आहे रे. पहाटे भिंतीपलीकडं कुणी खोकत नाही. मला करमत नाही. परत ये."

आणि ती थांबली.

बॅंडनं दणका दिला.

सभागृहात हशा कोसळला. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं हसू बाहेर पडलं. खोकत नाही म्हणे. बिला, आणि करमत नाही. जिनं भावाच्या खड्ड्याला नऊ वर्षं शिव्या घातल्या ती म्हणते परत ये. विर्ट्स मास्तर आनेग्रेटच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. ऊर्जेच्या प्रश्नावर या देशात आजवर झालेली एवढी एकच तडजोड असावी.

"मी खरं सांगतेय," बिला म्हणाली.

दणका. लोक टेबलं बडवायला लागले.

"अरे, खरंच म्हणतेय मी."

लोक उभे राहिले. पेश डोळे पुसत व्यासपीठावरून उतरला आणि त्यानं तिच्या गळ्यात या वर्षाचं पदक घातलं. तिच्या कानात तो म्हणाला, "बघ, ऊर्जेशिवाय किती छान जमतं तुला." तिसऱ्या टेबलाशी कोबेस मागं रेलून मोठमोठ्यानं हसत होता, सगळ्यांच्या वर त्याचा आवाज. त्यानं पेला उचलला आणि म्हणाला, "आलाफ."

बिलानंही वाकून नमस्कार केला. पिंपातून रडत बाहेर पडायची रीत नाही.

पुढचा नाच सुरू झाल्यावर ती कोट घ्यायला गेली. कोट टांगायच्या खोलीत कोबेस एकटाच होता. कोट चढवून झाला होता, टोपी हातात होती, आणि तो उगीच दाराकडं बघत उभा होता. तिला पाहून तो हलला नाही.

"यंदाचं बरं जमलं," तो म्हणाला. अध्यक्षांना न विचारता, सरळ तिला. "ते घराचं."

"तो विनोद नव्हता, कोबेस."

"माहीत आहे मला."

"मग हसलास कशाला? तुझाच आवाज सगळ्यांत मोठा होता."

"मी एकटा गप्प बसलो असतो तर लोकांना कळलं असतं की."

बिलानं पदक काढून खिशात टाकलं. "मग घे ना ते घर परत. मार्लीसला मी समजावते. तुझा तो पंप आण हवं तर, लाव परसात, मी काही बोलणार नाही."

कोबेस टोपीची कड दोन्ही हातांनी फिरवत राहिला. "चौतीस वर्षं खणलं मी, बिला. पोरं शिव्या घालत होती, तू सूप पाठवत होतीस, मी खणत होतो. रोज सकाळी स्वतःला सांगायचो, घर जाणार ते जाणारच, देशाला दिवा लागायला हवा. आईच्या खोलीकडं तोंड करून खणलं मी. आणि आता ते घर उभंच आहे. परवा गाडीतून बघून आलो, तिच्या खोलीत भिंतीला कागदसुद्धा तोच आहे. तिथं झोपलो, सकाळी उठलो, तर मी काय म्हणू सांग. नसतं खणलं तरी चाललं असतं, असं म्हणू?"

 नसतं खणलं तरी चाललं असतं, हेच तर बिला त्याला दर वर्षी भर सभेत यमकात ऐकवत आली होती, आणि त्यावर टाळ्या घेत आली होती. तिचं बोलणं शेवटी खरं ठरलं होतं. तिला त्या क्षणी आपल्या खरेपणाचा इतका संताप आला, की तिनं खुंटीवरून भलत्याच कुणाचा तरी कोट ओढून काढला आणि परत टांगला.

बाहेरून मार्लीसनं गाडीचा हॉर्न वाजवला.

"जातो," कोबेस म्हणाला.

"गारठा आहे बाहेर," बिला म्हणाली. "टोपी घाल."

त्यानं घातली.